रंग राहू दे

उलानबातरच्या इस्पितळात तळघरातली माझी खोली
पूर्वी कोळशाची होती.
अजून भिंतीला पाठ टेकली
की कोटावर काळा शिक्का उठतो.
खिडकी एकच, रस्त्याच्या पातळीवर.
तिच्यातून फक्त पाय दिसतात.
सकाळपासून एक जोडी फेल्टचे बूट
दर तासाला येतात, उभे राहतात, जातात.

वर तिसऱ्या मजल्यावर डॉक्टर दोर्जपालम
एका ट्रकचालकाचं पोट उघडून उभे आहेत,
आणि दूर बुसानमध्ये
डॉक्टर ग्वाक, चष्मा कपाळावर सरकवून,
ते बघतायत.
मधलं सगळं माझ्याकडे.

मधलं म्हणजे काय ते आईला कधी सांगता आलं नाही.
मधलं म्हणजे जमिनीत पुरलेली काच,
केसाएवढी, गोबीखालून, मग समुद्राखालून;
जाऊन येऊन एकशे तीस मिलिसेकंद.
म्हणजे पापणी लवेपर्यंत, आई म्हणाली.
त्याच्याही आधी, मी म्हटलं.
मग तुझी गरज कुठे पडते?

ट्रकचालक एन्खतुव्शिन
आपल्या यकृताचा उजवा भाग थोरल्या बहिणीला देतोय.
आमच्याकडे सग्यासोयऱ्यांना
यकृताची माणसं म्हणतात.
रक्ताची नाही, यकृताची.
काळजाची म्हणा हवं तर.

पण त्याच्या पित्तनलिका पुस्तकातल्यासारख्या नाहीत.
मागची एक फांदी उजवीकडे न मिळता
मुकाट डावीकडे गेलीय,
रात्रीतून शेजाऱ्याच्या नळाला पाइप जोडावा तशी.
चुकीच्या जागी कापलं
तर पित्त भावाच्या पोटात गळत राहील,
नाहीतर बहिणीच्या.

दहा वाजून सतरा मिनिटांनी
पॅकेटं गळायला लागली.
आधी शेकड्याला एक. मग नऊ.
थंडीनं कुठे काही आकसलं असेल,
कुणी राउटर बंद करून चालू केला असेल;
ते कळतं उद्या, अहवालात.

वाट अरुंद झाली की काय टाकून द्यायचं,
यावरच तर माझा प्रबंध.
चाळीस सर्जनांना विचारून, आलेख काढून
मी सिद्ध केलं होतं:
माणूस फिकट सहन करतो, अडखळणं नाही.
हालचाल वाचवा. रंग सोडा.
परीक्षकांनी माना हलवल्या होत्या.
माझ्या बोटांनी, मला न विचारता, तेच केलं.
चित्र सुरळीत धावू लागलं,
धुतलेल्या घोंगडीच्या रंगाचं.

"हे काय दिलंत?"
डॉक्टर ग्वाक, तुटक रशियनमध्ये.
"इथे काही पळत नाहीये, बाई.
सगळ्यांचे हात थांबलेत.
मला हिरवं दाखवा."

शिरेतून दिलेला रंग
नलिकांमध्ये हिरवा उजळतो. मला माहीत होतं.
माहीत असणं तिसऱ्या प्रकरणात होतं,
तळटीप अकरा.

"चिमगे," वरून दोर्जपालम म्हणाले, अगदी हळू,
"मी हललो नाहीये."

सेकंदाला एक चित्र.
एकच. पण सगळे रंग.
पहिलं यायला चार सेकंद लागले
आणि त्या चार सेकंदांत
मी आईच्या प्रश्नाचं उत्तर शोधत नव्हते,
हे लिहून ठेवते.

मग काळोखात हिरवी दुबेळकी.
आणि तिच्याखाली, कुणी पाहिलीच नव्हती तिथे,
आणखी एक,
बर्फातून वर आलेल्या गवताच्या पात्याएवढी.

"दोन मिलिमीटर वर."
"दोन."

एक चित्र: कात्री उघडी.
पुढचं चित्र: कात्री मिटलेली.
मधलं
मला दिसलंच नाही.

संध्याकाळी शुद्धीवर आल्यावर
ट्रकचालकानं बहिणीचं विचारलं,
आणि लगेच, इंजिनाचं.
उणे चौतीसात गाडी बंद ठेवली तर डिझेल गोठतं.
नर्स म्हणाली, मेहुणे जातायत ना खाली,
दर तासाला, चालू करायला.

मी खाली आले.
खिडकीत बूट उभे होते.
काचेवर टकटक केली.
ते वाकले,
आणि पहिल्यांदाच त्यांना
चेहरा आला.